मंगलाबाईच्या दारातला उजेड

“हसू नका रे,” रामदासकाका गच्चीवर जमलेल्या पोरांना म्हणाले. “चेतन, तू तर मुळीच हसू नको. परवा अंधारात मांजर बघून कोण किंचाळलं होतं, सांगू का? ही गोष्ट आपल्या लिंबायतच्या कुंदनची आहे. खोटी वाटली तर उद्या त्यालाच विचारा.”

कुंदन सुरतेतलं कापडाच्या लूमचं काम सोडून सोलरचे दिवे बसवायला लागला होता. गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. बारडोलीच्या पलीकडे उसाच्या मळ्यांत आपल्या खानदेशी मजुरांची एक वस्ती आहे. तिथली लाईट कधी येईल, कधी जाईल, काही नेम नाही. सगळ्या घरांना दिवे लावून झाले, शेवटचं मंगलाबाईचं घर राहिलं. तिचा पोरगा लोटू आठवड्यापूर्वीच गेलेला. लाईट गेली म्हणून खांबावर चढला, तारेला हात लावला आणि नेमकी तेव्हाच लाईट आली. काय म्हणायचं अशा नशिबाला!

कुंदनला हे कुणी सांगितलं नव्हतं. बल्ब बसवला की घरात अंधार करून बघायचा, ही त्याची रोजची सवय. कोपऱ्यात टोपलीखाली उजेड दिसला. त्यानं टोपली उचलली आणि आतली पणती फुंकून टाकली.

मंगलाबाई विझलेल्या पणतीशी येऊन बसली. तेव्हा कुठे कुंदनला उमगलं. मेलेल्या माणसाला आपलं घर सापडावं म्हणून दहा दिवस हा दिवा तेवत ठेवायचा असतो. त्याच्या आईनंही त्याच्या बापासाठी ठेवला होता. त्यानं घाईघाईनं पणती पेटवली, म्हातारीचे पाय धरले.

“आते मन्हा पोऱ्याले घर कसं सापडी?” ती एवढंच म्हणाली.

रात्री कुंदन खाली मान घालून मोटारसायकलवर निघाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडे नुसता ऊस. कालव्याच्या पुलाशी गाडी एकाएकी जड झाली. पंक्चर असेल... उतरून बघितलं. टायर ठीक. पुन्हा निघाला.

गाडी तशीच जड.

मानेवर गार वारा लागला. पण ऊस तर हलत नव्हता...

“भाऊ... मन्हं घर कोठे शे?”

कुंदननं मागं पाहिलं नाही. गाडी वळवली. दिवा आपण विझवला, याला आपणच पोचवायचं. वस्ती आली. दारोदार सारखाच पांढरा, लख्ख उजेड. त्यानंच लावलेला. मंगलाबाईच्या दाराशी तो थांबला.

“उतर भाऊ. घर आलं.”

काही नाही...

मग अगदी कानाशी...

“नही भाऊ. आमना घरमा इतला उजेड नही ऱ्हास.”

तिथून सुरतेला कसा आलो, ते कुंदनला आजही सांगता येत नाही. त्याची बायको वर्षा दार उघडून गाडीकडे बघत म्हणाली, “मागं कोणाला बसवलं होतं?”

मागे बसणाऱ्यानं पाय ठेवायचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते. कुंदननं पायानं दाबून ते बंद केले.

सकाळी पाहिलं, तर पुन्हा उघडे.