पल्सिफरांच्या मर्सी

आद्य वसाहतकऱ्यांच्या वंशजांच्या सभेनं "मृत्यूचा पुरावा जोडावा" एवढंच लिहून लव्हिनिया पल्सिफरचा सभासदत्वाचा अर्ज परत पाठवला, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई ती! मूळपुरुष ओबडाया १६३८ साली जहाजातून मॅसॅच्युसेट्सला उतरला, इथवर सगळं चोख होतं. घोडं अडलं होतं त्याच्या मुलींपाशी. चर्चच्या वहीत बाप्तिस्मे पाच, आणि पाचही मुलींचं नाव मर्सी.

त्यात नवल नव्हतं. त्या काळी मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. वंशावळ लावणाऱ्यांचा नियमच आहे, नाव पुन्हा आलं की आधीचं मूल मेलं समजायचं. म्हणून लव्हिनियानं पहिल्या चौघींपुढं ठोकून दिलं होतं, "धाकटीच्या जन्माआधी मृत."

नऊ वर्षांपूर्वी सुनेच्या मानगुटीवर बसून नातीचं नावही तिनं मर्सीच ठेवायला लावलं होतं. आज सून दुसऱ्यांदा बाळंत होत होती. पण इस्पितळात जायचं सोडून लव्हिनिया भर सकाळी कबरस्तानात आली. नातीला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. निघताना पोरीनं दप्तरातला गुलाबी आरसा दिला. "आजी, फोडू नकोस हं. आणि येताना डोनट आण."

झिजलेले दगड वाचायला आरसा लागतो. उन्हाची तिरीप आडवी टाकली की अक्षरं वर येतात. राखणदार अ‍ॅसा तिचा जुना विद्यार्थी.

"बाई, मेलेल्यांना तरी सुखानं झोपू द्या," आरसा धरत तो म्हणाला. "आम्हाला वर्गात दिलं नाहीत."

"गप. डावीकडे धर."

पहिला दगड उजळला. मर्सी, ओबडायाची मुलगी. मृत्यूचं साल नाही. पहिल्या चारही दगडांवर खाली तीच ओळ: हिची विचारपूस कोणी केली नाही. पाचवीच्या दगडावर मात्र मृत्यूचं साल होतं.

अ‍ॅसा घुटमळला. "गेल्या साली नळ टाकायला इथं खणलं होतं, बाई. या चौघींखाली काहीच नव्हतं."

पाचव्यापलीकडं सहावा दगड होता, तितकाच झिजलेला, शेवाळलेला. तिच्या टिपणांत तो नव्हता. अ‍ॅसानं आरसा वळवला.

मर्सी, वॉरनची मुलगी.

वॉरन लव्हिनियाचा मुलगा. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"आई, मुलगी झाली! तुझ्या मनासारखं नाव ठेवलंय, मर्सी."

"अरे, मग आपली मर्सी?"

"तिचंच तर सांगतोय."

"मोठी रे! नऊ वर्षांची!"

तो हसला. "आई, बरी आहेस ना? हे आमचं पहिलंच."

लव्हिनियानं वंशावळ उघडली. नातीच्या नावापुढं तिच्याच अक्षरात, वाळलेल्या शाईत लिहिलं होतं: धाकटीच्या जन्माआधी मृत.

"नाही!" ती किंचाळली आणि घोकू लागली. डोनट. दप्तर. पुढचा दात पडलेला. डाव्या गुडघ्यावर...

गुडघ्यावर काय?

ऊन ढगाआड गेलं.

लव्हिनियानं कागदांची नीट घडी घातली. तिला हायसं वाटत होतं. प्रत्येकीचा दगड सापडला होता; सभेला एवढा पुरावा बास झाला.

"बाई, आरसा राहिला," अ‍ॅसा म्हणाला. "नातीचा ना?"

"माझी नात आजच जन्मली रे," ती हसली. "राहू दे तुझ्याकडेच. पुढं लागेल."