कुंकवाची वाट

आवळी तोडली गेली म्हणून ही सगळी मोहीम निघाली! कारखान्याच्या टाउनशिपमध्ये देवळामागं एकच आवळीचं झाड होतं. उन्हाळ्यात तिथं पाण्याची टाकी उभी राहिली आणि झाड गेलं. कार्तिक आला. नागपूर सोडून भोपाळला आल्यापासून सिंधूबाईंनी आवळीभोजन एकदाही चुकवलं नव्हतं.

"झाड आपल्याकडे येत नाही, तर आपण झाडाकडे जाऊ," त्या म्हणाल्या. "काळ्या टेकडीमागच्या रानात आवळ्याच आवळ्या आहेत. पुरुषमंडळी शिफ्टवर आहेत, ती राहू देत तिथंच."

"आई, तिकडं वाघ आहे म्हणतात," त्यांची सून कमल म्हणाली.

"वाघाला दुसरे धंदे नाहीत काय वं? तुझीच वाट बघत बसलाय तो!"

कमलचं भिणं साऱ्या सेक्टरला ठाऊक होतं. दूधवाल्यानं कडी वाजवली तरी ती दाराची साखळी लावूनच फटीतून पातेलं पुढं करायची. बसमध्ये कंडक्टरला "रोको" म्हणायला तिची जीभ उचलायची नाही. मग स्वतःचा स्टॉप मागं टाकून, पुढं कुणी उतरेल तिथं उतरून, पिशव्या सांभाळत तेवढं अंतर परत चालत यायची. भित्र्या माणसाचं असंच असतं. पोटात भीती मावेनाशी झाली की ती संशय होऊन डोळ्यांत येते. कमलचा संशय दूधवाल्यावर, पोस्टमनवर आणि सगळ्यांत जास्त समोरच्या वैजयंतीबाईंवर!

पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांच्या या बायको. लुना चालवायच्या. क्वार्टरमध्ये साप निघाला तेव्हा काठीवर उचलून कुंपणापार टाकून आल्या होत्या. मोहिमेची कुणकुण लागताच आपणहून म्हणाल्या, "मीही येते हं. पूजेचं ताट मी आणते."

यांना एवढं काय पडलंय? पुण्याच्या माणसाला परक्याच्या आवळीचं एकाएकी प्रेम कसं सुटलं? कमलनं हे मनात ठेवलं.

सकाळी मिसरोदच्या बाजूला जाणारी बस धरली. रानाची पायवाट फुटते तिथं "रोको!" असं वैजयंतीबाईच ओरडल्या. सिंधूबाई पुढं, मध्ये पितळी परात आणि डबे घेतलेली कमल, आणि सगळ्यांच्या मागं वैजयंतीबाई. मागंच का?

रान मोठं देखणं होतं. सागाची पानं वाळायला लागली होती, पायाखाली पापडासारखी मोडत होती. उन्हाचे कवडसे वाटेवर सांडले होते आणि कुठंतरी खाली ओढा खळखळत होता. पण कमलच्या कानांना ओढा ऐकू येईना. तिला मागून येणारं पुटपुटणं ऐकू येत होतं. हलकं, घाईघाईचं, न थांबणारं.

तिनं झटकन मागं वळून पाहिलं. वैजयंतीबाई एका सागाच्या खोडामागून बाहेर येत होत्या. कमलनं पाहताच त्यांनी उजवा हात पदराखाली नेला.

"काय झालं वहिनी?" कमलनं विचारलं.

"काही नाही. चला तुम्ही."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. झाडाच्या पलीकडच्या अंगाला जायचं, काहीतरी करायचं, पुटपुटायचं, हात लपवायचा. या वेळी मात्र कमलला बोट दिसलं. लालभडक! झाडाला कुंकू लावून पुटपुटणारी बाई! लहानपणी ऐकलेल्या करणीच्या साऱ्या गोष्टी एकदम उठून उभ्या राहिल्या.

"आई," ती सासूच्या कानाशी लागली, "या काहीतरी करतायत."

"चालतेय ती. तूही चाल."

टेकडी ओलांडल्यावर आवळी भेटली. काय झाड होतं! फांदी न् फांदी फळांनी वाकलेली! सिंधूबाईंनी खोडाला पाणी घातलं, हळद वाहिली आणि कुंकवासाठी करंडा उघडला. करंडा रिकामा!

"वैजयंती, भरून आणला होतास ना?"

"हो... सांडलं असेल वाटेत."

"झाकण घट्ट होतं," कमल म्हणाली.

सिंधूबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आपल्या कपाळाचं कुंकू बोटानं टिपून झाडाला लावलं आणि म्हणाल्या, "वाढा आता. भांडण जेवल्यावर."

पुऱ्या, वांग्याची भाजी, शिरा. कमलनं पुरी नुसती कुस्करून ठेवली. मग आवळे तोडण्यात वेळ कसा गेला ते कळलंच नाही. पिशवी भरली तेव्हा उन्हं कलली होती.

इतक्यात भोंगा झाला! कारखान्याचा शिफ्ट बदलण्याचा भोंगा! टाउनशिपचं अख्खं आयुष्य त्या भोंग्यावर चालतं. त्यावर कुकर चढतो, त्यावर मुलं शाळेला निघतात. कमलला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"या बाजूनं आला! इकडंच घर!"

"नको हो कमलताई," वैजयंतीबाई घाईनं म्हणाल्या. "आलो त्याच वाटेनं जाऊ."

"का? त्या वाटेवर काय ठेवलंय तुमचं?"

वैजयंतीबाईंनी हात पुन्हा पदराखाली नेला. कमलला एवढंच पुरेसं होतं. माणूस खोटं बोलेल, भोंगा नाही! ती तरातरा पुढं निघाली. सासू तिच्या मागं गेली, म्हणून वैजयंतीबाईही गेल्या.

उतार लागला. मग दगड लागले. मग दोन्ही बाजूंनी कडे वर चढत गेले आणि घळ अरुंद होत गेली. शेवटी समोर सरळसोट काळा कातळ! वाट संपली! सिंधूबाईंनी "ए माय!" म्हणून हाक फोडली. ती हाक कातळावर आपटली आणि जशीच्या तशी परत आली.

कमलला उमगलं. भोंगाही असाच आपटून परत आला होता. घर पाठीमागच्या बाजूला होतं!

"वळा!" ती म्हणाली. सिंधूबाई वळल्या, दगड हलला, पाऊल मुरगळलं. त्या मटकन खाली बसल्या.

आणि तेव्हाच घळीच्या तोंडाशी पाचोळा वाजला.

अस्वल! काळंकभिन्न! वारूळ उकरत होतं. चाहूल लागून त्यानं मान वर केली. हुंगलं. आणि दोन पायांवर उभं राहिलं!

कमलनं वैजयंतीबाईंकडे पाहिलं. साप उचलणारी ती बाई दगडाला पाठ लावून थरथरत होती. ओठ हलत होते. या वेळी शब्द ऐकू आले. करणी कसली न् काय! रामरक्षा होती ती!

आता पुढं उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं. सासूला उठता येत नव्हतं. कमलला रडू फुटत होतं, आणि तशीच ती पुढं झाली. परात उचलली. डब्यातला वाढायचा डाव तिच्यावर हाणला. ठाण्ण! कातळानं तो आवाज दुप्पट करून परत दिला. ठाण्ण! ठाण्ण!

"हो बाजूला!" आयुष्यात जेवढं ओरडली नव्हती तेवढं ती एकदम ओरडली. "हो मेल्या बाजूला! माझी सासू आहे इथं!"

अस्वल घुरकलं. एक पाऊल पुढं आलं. कमल मागं सरली नाही. ठाण्ण! चारी बाजूंनी पराती वाजायला लागल्या तसं ते गोंधळलं, चार पायांवर आलं, आणि फांद्या मोडत वर निघून गेलं.

कमलनं परात खाली ठेवली.

"परात चेपलीस," सिंधूबाई म्हणाल्या.

कमल वैजयंतीबाईंसमोर बसली. "वहिनी, कुंकू कुठं गेलं?"

"झाडांवर." त्यांना हुंदका आला. "परत येताना दिसेल अशा बाजूनं बोटं ओढत आले. मला वाट चुकायची फार भीती वाटते हो. लहानपणी जत्रेत हरवले होते. सगळे मला धीट समजतात. मग सांगायचं कसं?"

"मग आलात कशाला?"

"घरी एकटी बसले की जास्त भीती वाटते."

कमलला हसावं की रडावं कळेना. तिनं आवळ्यांची भरली पिशवी कड्याला टेकवून ठेवली. सासूला उचलायचं तर हात मोकळे हवेत!

"आवळे?" सिंधूबाईंनी विचारलं.

"अस्वलाला. त्याचंही आवळीभोजन होऊ दे."

दोघींच्या खांद्यांवर सासूला घेऊन त्या घळीतून आवळीपाशी परतल्या. पुढचा साग. आणि त्यावर लाल बोट! त्यापुढच्या सागावर आणखी एक! संधिप्रकाशात एकेक बोट धरून तिघी चालत राहिल्या. ज्या लाल बोटाला सकाळी कमल घाबरली होती, त्याच्याच खुणा आता ती अधाशासारखी शोधत होती. मध्ये एक सापडेना तेव्हा वैजयंतीबाई जागीच थांबल्या. "आहे, इथंच आहे," कमल म्हणाली आणि खोडाभोवती फिरून तिनं ती शोधून काढली.

सडक लागली. दुरून बसचे दिवे आले. वैजयंतीबाई दमून खाली बसल्या होत्या. कमल सडकेच्या मधोमध उभी राहिली.

"रोको!"

बस करकचून थांबली. कंडक्टर खेकसला, "अरे बहनजी, यहाँ स्टॉप नहीं है!"

"नहीं है तो बना लो!"

बसमध्ये चढताना सिंधूबाई सुनेकडे बघतच राहिल्या. "एवढा आवाज होता तर इतकी वर्षं कुठं ठेवला होता वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. आत पलंगावर पाय शेकत बसलेल्या सिंधूबाई ओरडल्या, "आधी फटीतून बघ कोण आहे ते!"

पण कमलनं दार सताड उघडलं होतं. उंबऱ्यावर वैजयंतीबाई उभ्या होत्या, हातात रिकामा करंडा. कमलनं तो घेतला आणि आपल्या डब्यातलं कुंकू त्यात काठोकाठ भरलं.

"झाकण घट्ट लावते," ती म्हणाली. "वाटेत सांडतं म्हणे."