सवच्या पाण्यात भिजवलेला पेन

लाईट येईस्तोवर ऐक, किशोऱ्या. मोबाईल खाली ठेव, नायतर चार्जिंग संपलं म्हणून परत माझ्याच नावानं बोंबलशील.

तायडीचं लग्न जवळ आलेलं. विनीतकाका डोंबिवलीवरनं गावी कापड्याला आला आणि आल्या आल्या मला थर्मास देऊन सवला पिटाळलं. गरम कुंडाचं पाणी आणायला. कशाला, तर पेन भिजवायला. माळ्यावरच्या पेटीत त्याला आज्याचा शाईपेन गावला होता. कुशाबा आजा, माझ्या बापाचा बाप, मी जन्मायच्या आधीच गेलेला. पेन काळा कुळकुळीत, निबेकडची मान गच्च बसलेली, आतली शाई वाळून दगड.

"त्या पाण्यात गंधक असतं, जुनी शाई सोडवतं," काका बोलला.

हा माणूस. मोबाईलवर चार व्हिडिओ बघतो नि लगेच डॉक्टर होतो. पडवीत टेबल मांडलं, हातात मोजे, डोळ्याला भिंग, टूथब्रश धुऊन ठेवलेला. जसं काय बायपासच करतोय. थर्मासातलं वाफाळतं पाणी वाटीत ओतलं, पेन सोडला आणि चहा पीत बसला. चहा संपल्यावर चिमट्यानं बाहेर काढला तर काय, पेन तपकिरी. शेणाचा गोळा वाळतो ना, तसला. वास सडक्या अंड्याचा. मी हसून हसून लोळलो.

"एबोनाइट आहे, पेनाचं कडक रबर. गरम पाण्यात रंग सोडतं. विसरलो," काका बोलला.

विसरला म्हणे. माहीतच नव्हतं बेण्याला.

पण मान सुटली. काकानं पेन धुवायला घेतला. एवढासा पेन, त्यात शाई ती किती असणार? बादली काळी झाली, ओतली, परत भरली, परत काळी. अंड्याचा वास गेला आणि दुसराच यायला लागला. चुलीतल्या गरम राखेवर पाणी मारलं की येतो तसला. मी चुलीकडं बघितलं. चूल पेटलीच नव्हती.

आई हात पुसत बाहेर आली. पेन बघून खूश. "अगो बाई, मामंजींचा तपकिरी पेन. गावच्या सगळ्या लग्नपत्रिका ह्यानंच लिहायचे. अनूच्या पाकिटांवर ह्यानंच नावं घाला, भावोजी."

काकानं ड्रॉपरनं निळी शाई भरली, कागदावर ‘श्री’ काढायला गेला. खर्र करून कागद फाटला, शाईचा पत्ता नाय. मग भिंग लावून बोलला, "निब एका बाजूनं झिजलीये. ज्याचा पेन त्याच्याच हाताला बसतो. म्हणून तर पेन कुणाला द्यायचा नसतो."

"दे इकडं. डोंबिवलीत शाळा नव्हती वाटतं," मी बोललो.

मी डावखुरा, तुला म्हायतीय. माझ्या हातात पेन लोण्यासारखा सरकला.

"माझं नाव लिही ना रे, पत्रिकेत असतं तसं," तायडी बोलली.

मी लिहिलं, चि. सौ. कां. अनुपमा. हाताला तसंच जाणवलं. कागदावर बघतो तर...

कै. अनुपमा.

बारीक, तिरकं, देखणं अक्षर. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

आईनं कानफटात मारली. "मेल्या, हळद लागायच्या तोंडावर बहिणीची अशी चेष्टा?"

"आई, देवाशपथ मी नाय..."

कोण ऐकणार? बारशाच्या पाळण्यात रबरी पाल टाकणारा मी. परत लिहिलं. परत कै.

"उजव्या हातानं लिही बघू," काका बोलला.

उजव्या हातानं नुसतं खर्र. डाव्यात घेतला, कै.

आईचा आवाज एकदम खाली गेला. "भावोजी... पेन मुळात कुठल्या रंगाचा होता?"

"काळा."

आई पेनापासनं मागं सरली. "मामंजींचे दोन पेन होते. तपकिरी शुभकार्याचा. काळा मयताच्या पत्रांचा... मुंबईला कुणाची खबर कळवायची तर तो. आणि ती पत्रं ते डाव्या हातानं लिहायचे. अशुभ काम उजव्या हाताला नको म्हणून."

तायडी तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. आमचे डॉक्टर चष्मा पुसत बोलले, "योगायोग असतो." योगायोग म्हणे, आणि बनियन घामानं चिंब. आईनं तो कागद उंबऱ्याबाहेर नेऊन फाडला, मयताचं पत्र वाचून फाडतात तसा.

माझं डोकं सटकलं. पेन डाव्या हातात घेतला नि बोललो, "आज्या, एवढीच खाज असंल तर माझं नाव लिही. तायडीचं सोड."

आणि लिहिलं, ओम. काय उमटलंच नाय. झटकला, तरी कोरडा. मान उघडून बघितली तर आत शाई गच्च भरलेली.

"बघा, फाटली म्हाताऱ्याची," मी बोललो. तायडी रडता रडता हसली.

लग्न झालं. तायडी नाते गावात सासरी मजेत हाय, गाल वर आलेत. पेन काका डोंबिवलीला घेऊन गेला, पॉलिश करतो म्हणाला.

काल त्यानं व्हिडिओ पाठवला. टेबल, दिवा, पेन. पेन परत काळा कुळकुळीत. तेच तिरकं अक्षर, सावकाश चाललेलं. कै. मग ओ. तिथंच व्हिडिओ संपतो.

पेन डाव्या हातात हाय, किशोऱ्या. काका डाव्या हातानं माशी मारत नाय.

मी फोन लावला. तो बोलला, "बघितलंस ना? निब बसली बघ आता हाताला." कुणाच्या हाताला, ते विचारीस्तोवर फोन कट.

हसतोस काय? ओ वरनं कापड्यात दुसरं एखादं नाव आठव ना. आठव लवकर, लाईट यायच्या आत.