घराकडे वळणारे पाय

भाकऱ्या उरकून वृषाली घराबाहेर पडली, तेव्हा तिचा पायसाज नेहमीसारखा मंद घुमत होता. कमरेपासून टाचेपर्यंत बांधलेल्या त्या धातूच्या पट्ट्यांकडे आता गल्लीत कोणी वळूनही पाहत नसे. दोन वर्षांपूर्वी ओतकामाच्या कारखान्यात क्रेनची साखळी तुटली, वृषालीचा मणका मोडला आणि कमरेखालचं अंग निर्जीव झालं. मग कंपनीनेच हा साज दिला. पाऊल उचलावं असं मनात आलं, की कवटीखाली बसवलेली बारीक जाळी ती इच्छा टिपायची आणि साजातल्या मोटारी पाय उचलायच्या. पहिल्यांदा उभ्याने नळावर पाणी भरलं, त्या दिवशी ती ढसाढसा रडली होती.

आज ती कारखान्याच्या गेटकडे निघाली होती. काल पुन्हा साखळी तुटली आणि तिच्यासोबत काम केलेला बशीर जागीच गेला. त्याची बायको रेहाना सकाळपासून गेटसमोर बसली होती. साहेब लोक म्हणत होते, चूक बशीरचीच.

बशीरची? साखळी बदला, साखळी बदला म्हणून ओरडून त्याचा घसा बसला होता! वृषालीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच क्षणी, भर चौकात, पाय थांबले. पुढे जायला तिने मनाचा सगळा जोर लावला. पण पाय गर्रकन वळले आणि घराची वाट चालू लागले.

तिने विजेच्या खांबाला मिठी मारली आणि साजाचे इंजिनियर साठये यांना फोन लावला.

“बिघाड नाहीये, ताई,” साठये म्हणाले. “फार राग आला की साज माणसाला घरी नेतो. रागात तोल जातो ना, म्हणून. तुमच्या सुरक्षेसाठीच.”

“जाळी पायांसाठी बसवली होती. माझा राग टिपायला कोणी सांगितलं?”

साठये पुटपुटले, “कंपनीने.”

वृषालीने एकेक पट्टा सोडला आणि धाडकन रस्त्यावर आदळली. कोपरांवर सरकू लागली. कोपऱ्यावरच्या यमुनाबाईंनी ते पाहिलं, भाजीच्या पाट्या खाली उतरवल्या आणि हातगाडी पुढे आणली.

“चल गं, बस. कुठं जायचंय?”

“गेटवर.”

गेटवर रेहानाने तिला मिठीत घेतलं. घटकाभरात साठये धावतपळत आले. पाठीमागून त्यांच्या माणसांनी चौकात पडलेला साज आणला होता.

“ताई, असं रस्त्यावर बसू नका. हा घाला, मी घरी सोडतो.”

वृषालीने साज दूर लोटला. सोललेली कोपरं घेऊन ती ताठ बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “साठये साहेब, आज तुम्ही पायांचा साज केलात. उद्या मुक्यांसाठी वाचेचाही कराल. तेव्हा त्यांच्या तोंडून कोण बोलेल? ते, की तुमची कंपनी?”