जुनी मुकी, नवी बोलकी

तिची पहिली ओळख झाली ती त्याच्या पायांशी. मोबाईलमध्ये डोकं घालून गॅरेजमध्ये शिरली आणि साठ वर्षांच्या त्या आलिशान गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांना अडखळून धाडकन आपटली. चांगलं तोंडसुख घेणार, तर पायांमागून मिस्त्री बाहेर आला. गालावर ग्रीस, डोळ्यांत काळजी.

"लागलं का हो?"

झालं! बाईसाहेबांचा राग तिथल्या तिथे विरघळला.

ती गाड्यांच्या मासिकात लिहायची. ही जुनी गाडी आणि त्याच कंपनीची यंदाची नवी, दोन्हींची तुलना करायची होती, तीन दिवसांत. जुनीच्या मालकांची अट एकच: शेजारी मिस्त्री बसणार.

दोन दिवस जुनीचे लाड झाले. लाकडी डॅशबोर्ड, मऊ कातडी सीट आणि महाहट्टी गिअर!

"दामटू नका, गोंजारा," मिस्त्री म्हणाला.

"हे गाडीबद्दल ना?"

"…गाडीबद्दलच." आणि गडी फडकं काढून डॅशबोर्ड पुसायला लागला.

आज तिसरा दिवस. सहाच्या बसने ती आपल्या शहरात परत जाणार, आणि पुन्हा इकडे यायला काही निमित्तच उरणार नव्हतं. सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. केस तीनदा बांधून झाले, पेनाचं टोपण चावून झालं. बोल की रे बाबा! इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ह्याला त्याचं दुखणं कळतं, मग माझंच कसं कळत नाही?

नवी गाडी तो चालवत होता, ती टिपणं घेत होती. काचेवर चार थेंब पडले, वायपर आपसूक हलले.

"हिला माणूस लागतच नाही," तो कुरकुरला. "सगळं आपलं आपणच…"

टुंग! "कृपया समोर पाहा," गाडी म्हणाली.

तो दचकला. दोन मिनिटांनी पुन्हा टुंग. मग तिसऱ्यांदा.

"वायरिंगमध्ये बिघाड आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "खोलून बघायला लागेल."

माहितीपुस्तक तिला तोंडपाठ होतं. तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"बिघाड नाही, मिस्त्री. स्टिअरिंगमागे कॅमेरा आहे. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हटली, की ही ओरडते."

त्याचे कान लालबुंद झाले. "मी… आरसा बघत होतो."

"असं? मग काय म्हणाला आरसा?"

त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली. हात मात्र स्टिअरिंगवरच.

"जुनीत पण बघतच होतो," तो हळूच म्हणाला. "ती बिचारी कधी चहाडी करत नाही."

"मग तुम्ही तरी तोंड उघडायचं!"

"काय सांगणार? तुम्ही लिहिणाऱ्या, मी नट-बोल्टवाला. म्हटलं, हसाल आणि निघून जाल…" त्याने घसा खाकरला. "आवडतेस तू मला. फार आवडतेस. आता हस हवं तर."

ती कुठली हसते! तिचे डोळेच भरून आले.

"तूही मला," ती म्हणाली. "आणि एवढं सांगायला तुला दोन-दोन गाड्या लागल्या, ठोंब्या!"

तो खुदकन हसला. मग नजर घड्याळाकडे गेली आणि चेहरा पडला. पावणेसहा.

"परत कधी येशील?"

तिने सीटबेल्ट काढला, चपला काढल्या, पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

"अजून गेलेय कुठे?"