खाकरू नका, पाणी प्या

समाधाननं मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी बहिरी आहे असं त्याला वाटलं.

मार्चचा पहिला आठवडा, भर दुपार. बुधवार पेठेत मला ज्या दुकानात जायचं होतं त्याला कुलूप होतं, म्हणून शेजारच्या चिंचोळ्या 'समाधान साउंड'मध्ये शिरले. काउंटरमागे एक सावळा, शिडशिडीत माणूस वायरींच्या गुंत्यात बसला होता. मी माझी छोटी पांढरी पाटी पुढे केली. तिच्यावर मार्करनं लिहिलं होतं, 'शिक्षकांसाठी कमरेला बांधायचा स्पीकर आहे का?'

त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड भलंमोठं उघडून एकेक अक्षर सुटं करत ओरडला, "आ — हे. दा — ख — व — तो."

मी पुसून लिहिलं, 'मला ऐकू येतं. घसा फुकट घालवू नका.'

कानांपर्यंत लाल झाला बिचारा. मग खाकरला. साधंसुधं नाही, खडीवरून रिक्षा जावी तसं. "सॉरी मॅडम. मग... बोलत का नाही?"

'डॉक्टरांची मनाई. पंधरा दिवस मौन.'

"वा. म्हणजे हे गिऱ्हाईक घासाघीस तरी करणार नाही."

'करणार. लेखी.'

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा थोडा जास्त मिटायचा. हे मी लगेच पाहिलं, कबूल करते. मौनात माणसाला दुसरं कामच काय असतं?

मी प्रियदर्शनी. हडपसरच्या एका शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. साठ पोरं, खिडकीबाहेर ट्रकचा रस्ता, आणि त्या सगळ्याच्या वर माझा आवाज. पण माझा घसा एकट्या शाळेनं बिघडवला नाही. मी गाते. म्हणजे गावंच लागतं.

माझे वडील कचरू आमच्या वस्तीचे गायक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चौदा एप्रिलला अण्णांच्या गाण्याशिवाय जयंती व्हायचीच नाही. स्टेजवर आले की आधी दणकून खाकरायचे आणि लोक त्या खाकरण्यालाच टाळ्या वाजवायचे. घसा बसला की लवंग चघळायची आणि पुन्हा गायचं, एवढंच औषध आमच्या घरात ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांचा आवाज आधी फाटला, मग गेला. आता त्यांचं बोलणं ऐकायला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. त्यांची जागा मी घेतली, गाणी घेतली, आणि न विचारता त्यांचं खाकरणंही घेतलं.

या जानेवारीत माझा वरचा सूर चिरकायला लागला. फेब्रुवारी संपताना डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून पाहिलं, तर दोन्ही स्वरतंतूंवर बारीक गाठी. म्हणाले, "दोन महिने सगळ्या सवयी बदला. नाही विरल्या, तर मग ऑपरेशनचा विचार करावा लागेल." त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात अर्धा तास बसून राहिले. मला ऑपरेशनची भीती नव्हती. मला अण्णांसारखं होण्याची भीती होती.

सवयी बदलायचं काम ऋचाताईंकडे होतं. आवाजाचे व्यायाम शिकवतात, कसबा पेठेत एका खोलीत बसतात, आणि फारसं हसत नाहीत. पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखी कुजबुजत बोलले. त्या म्हणाल्या, "मौन सांगितलंय, कारस्थान नाही. कुजबुजीनं घशावर उलट ताण येतो. बोलायचं नाही म्हणजे बोलायचं नाही." मग एकेक गोष्ट सुरू झाली. पाणी दिवसभर घोटघोट. संध्याकाळी लवकर जेवण, आणि तिखटाला सुट्टी. वर्गात खडूऐवजी मार्कर, आणि ओरडण्याऐवजी स्पीकर. "आणि ते खाकरणं बंद करा. दरवेळी स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घशात काही अडकल्यासारखं झालं, तर पाणी प्या. पाणी नसेल, तर आवंढा गिळा. आवंढा सगळ्यांकडे असतो."

तर असा तो स्पीकर. चौथ्या दिवशी मी तो परत घेऊन गेले. माझ्या वर्गावर तात्पुरती आलेल्या निकितानं तक्रार केली होती. मी पाटीवर लिहिलं, 'शिट्टी वाजते.'

समाधाननं स्पीकर हातात घेतला. "माईक आणि स्पीकर समोरासमोर आले की वाजणारच. त्यांनी एकमेकांकडे पाठ करून राहायचं असतं."

'दोघंही? मग सूत जुळायचं कसं?'

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि खाकरला. मी माझी पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली आणि लिहिलं, 'खाकरू नका, पाणी प्या.'

तो प्यायला. आणि जे म्हणायचं होतं ते पाण्याबरोबर पोटात गेलं.

हे मग नेहमीचंच झालं. या माणसाला दुकानातलं काहीही विचारा, घडाघडा बोलेल. पण मनातलं काही सांगायचं म्हटलं की आधी खाकरणार. मी बाटली सरकवणार, तो पिणार, आणि विषय बदलणार. "आज ऊन फार आहे, नाही?" म्हणे. मार्चमध्ये पुण्यात ऊन असतं, हे न कळायला मी काय परगावाहून नवीन आले होते का? पण मीही जात राहिले. कधी सेल हवे म्हणून, कधी माईकचा स्पंज हरवला म्हणून. एकच स्पंज तीनदा हरवला.

मौन संपलं तेव्हा ऋचाताईंनी बोलायला थोडी परवानगी दिली आणि एक गमतीचा व्यायाम दिला. अर्धा ग्लास पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉतून गुणगुणत बुडबुडे काढायचे. त्यानं घसा सैल होतो. मी समाधानच्या काउंटरवर बसून बुडबुडे काढायचे आणि तो गाणं ओळखायचा. बहुतेक वेळा चुकायचा. एकदा मात्र मी अण्णांचं गाणं घेतलं, आणि तो हातातली तापलेली सोल्डरिंग गन तशीच धरून थांबला.

"हे... कंदिलाचं गाणं."

अण्णांनी माझ्या आजीवर केलेलं गाणं. आजीचं नाव हिरा. चाळिशी उलटल्यावर ती प्रौढांच्या वर्गात सही करायला शिकली, त्याचं. 'कंदिलाच्या उजेडात आई पहिलं अक्षर काढी.'

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. मऊ आवाजात, ऋचाताईंनी शिकवलं तसं.

"कचरू अण्णांचा माईक माझे वडील लावायचे. मी वायरी धरायचो. अण्णा खाकरणार हे वडिलांना बरोबर कळायचं. आधीच माईक बारीक करून ठेवायचे, नाहीतर कर्णा फाटायचा." तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुम्ही कचरू अण्णांच्या...? आणि इतके दिवस मला..." मग खाकरला.

मी बाटली सरकवली.

एप्रिल आला. वस्तीत निळ्या पताका लागल्या. मंडळाची पोरं विचारून गेली, ताई, यंदा किती गाणी? अण्णांनी आपला जुना कोट उन्हात टाकला. मी ऋचाताईंकडे गेले. त्यांनी बराच वेळ माझे सूर ऐकले.

"एक कडवं. खालच्या पट्टीत. महिन्याभरात जे कमावलंय ते दुसऱ्या कडव्यात घालवलंत, तर पुढचा रस्ता मला विचारायचा नाही."

तिथून मी सरळ समाधानकडे गेले. जयंतीचं साउंड यंदा त्याच्याकडे आलं होतं.

"एक काम करा माझं," मी म्हणाले. "पहिलं कडवं संपलं की माझा माईक बंद करा."

"तुम्ही थांबालच की."

"मी नाही थांबणार. लोक ऐकत असले की मला थांबता येत नाही. अण्णांनाही यायचं नाही."

त्यानं हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "आणि तिथून तुम्ही खूण केलीत, चालू ठेवा म्हणून?"

"तरी बंद करा."

"माझ्यावर चिडाल."

"चिडेन. तरी करा."

चौदा तारखेला संध्याकाळी सातला मी स्टेजवर उभी राहिले. पांढरी साडी, समोर सगळी वस्ती, पहिल्या रांगेत कोट घातलेले अण्णा. खाकरायला घसा शिवशिवत होता. मी दोन घोट पाणी प्यायले आणि सुरुवात केली.

आवाज आला. कसा आला म्हणून सांगू... चार महिन्यांत असा आला नव्हता. ना चिरकला, ना अडकला. मला रडूच यायला लागलं. कडव्याच्या शेवटी अण्णांनी हात वर केला. वरचा सूर लाव, म्हणून. लोक "ताई, पुढं, पुढं" म्हणायला लागले. मी मिक्सरकडे पाहिलं. समाधान माझ्याकडेच बघत होता. मी मान हलवली, नको, बंद नका करू. सगळ्यांदेखत हात जोडले.

त्यानं माईक बंद केला.

मी दुसऱ्या कडव्याचे दोन शब्द तशीच ओरडून गायले आणि घशात ओरखडा उठला. मी थांबले. भरल्या मैदानात नुसती शांतता. अस्सा राग आला मला त्याचा. वाटलं, हा कोण लागून गेला? माझ्या वस्तीत, माझ्या अण्णांच्या गाण्यात, माझं तोंड बंद करणारा हा कोण?

तेवढ्यात टाळी ऐकू आली. अण्णा ठेका धरत होते. मग मागच्या बायकांनी दुसरं कडवं उचललं, मग पोरांनी, मग सगळ्यांनीच. गाणं सगळ्यांना पाठ होतं, मला एवढी वर्षं माहीतच नव्हतं. समाधान हातात माईक घेऊन वायर ओढत गर्दीत शिरला आणि बायकांच्या पुढे जाऊन बसला. माझ्या आजीचं अक्षर सगळ्या वस्तीनं मिळून काढलं. मी स्टेजवर उभी राहून पाणी पीत होते आणि डोळे पुसत होते.

पण राग गेला नाही. त्याच्याशी एक शब्द न बोलता घरी आले. दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलं न घालता चहा करत होते, तेव्हा अण्णांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"तो साउंडवाला," अण्णा त्यांच्या त्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले. "तू सांगितलं होतंस त्याला?"

मी मान डोलावली.

"आणि ऐन वेळी हात जोडलेस?"

पुन्हा मान डोलावली.

"बाई," ते म्हणाले, "माझा माईक कुणी बंद केला नाही गं."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसले आणि चहा उतू गेला.

महिन्याच्या अखेरीस पुन्हा कॅमेरा झाला. एक गाठ विरली होती, दुसरी टाचणीच्या टोकाएवढी उरली होती. ऑपरेशन नको. ऋचाताई म्हणाल्या, "बरं आहे. आता शहाणपणा टिकवा." त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

मी चालतच बुधवार पेठेत गेले. समाधान काउंटरमागे होता. मला पाहून उभा राहिला, आणि त्याला वाटलं मी भांडायला आले.

"ऑपरेशन नाही," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. दोन्ही, पूर्ण. काउंटर घट्ट धरून उभा राहिला. "तुम्ही हात जोडलेत ना," तो म्हणाला, "तेव्हा बंद करायला... मला आयुष्यात एवढं जड काही गेलं नाही. वाटलं, आता ही बाई पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही."

"मग का बंद केलात?"

त्याचा हात गळ्याकडे गेला. तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता खाकरणार आणि उन्हाचं काहीतरी सांगणार. मी पर्समधली बाटली काढेपर्यंत त्यानं काउंटरखालून स्वतःची बाटली काढली होती. नवीन होती. सावकाश दोन घोट प्यायला. झाकण लावलं.

"कारण मला तुझा आवाज म्हातारपणापर्यंत ऐकायचाय," तो म्हणाला. "रोज. घरात. चहा झाला का, एवढं म्हणालीस तरी चालेल."

एवढं सलग, एवढं स्वच्छ. आणि पहिल्यांदा 'तू'. दोन महिने मी या एका वाक्याची वाट पाहत होते. मला उत्तरही पाठ होतं. पण ऐन वेळी माझाच घसा दाटून आला. शब्द फुटेना. सवयीनं मी खाकरायला गेले...

समाधाननं बाटली माझ्यापुढे सरकवली. "खाकरू नका," तो म्हणाला, "पाणी प्या."

मी प्यायले. मग म्हणाले, "हो. आणि चहा तू करायचा."