ब्लँक निळा झाला

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझी मावसबहीण सुविधा खोटं बोलणारी नाही.

गेल्या सप्टेंबरातला मंगळवार. गोव्यातल्या डिचोली बाजारातली छोटी लॅब. भर दुपारची वेळ, शटर अर्धं ओढलेलं, आत ती एकटीच.

एका म्हाताऱ्याच्या लघवीतलं प्रोटीन मोजायचं होतं. रोजचंच काम. लाल औषधात नमुन्याचे थेंब टाकायचे. प्रोटीन असलं की रंग निळा होतो. त्याआधी एका नळीत नुसतं शुद्ध पाणी टाकून बघायचं. त्याला म्हणतात ब्लँक. तो लालच राहतो.

त्या दिवशी ब्लँक निळा झाला...

नळी खराब असेल, म्हणून तिने दुसरी घेतली.

निळा.

पाण्याची नवी बाटली फोडली. नवं औषध काढलं.

गडद निळा...

आणि फ्रीजची घरघर थांबली. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. बाहेरचा बाजारही गप्प.

फक्त... टक्... टक्...

सकाळच्या नमुन्यांच्या ट्रेमध्ये एकच बाटली हलत होती.

कोमलची. शिरगावची पोर, आठवा महिना. सकाळच्या गर्दीत सुविधाने त्यात तपासणीची पट्टी बुडवून घाईघाईत 'प्रोटीन नाही' असं लिहून दिलं होतं.

तिने तो नमुना मोजायला घेतला. प्रोटीन इतकं, की आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतावं!

तिने कोमलच्या नवऱ्याला, विशालला फोन लावला.

"तिका आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात घेवन वचात! माझी चूक झाली!"

"आमी वाटेरच आसंव," विशाल धापा टाकत म्हणाला. "तुमची बाय घरी येवन सांगान गेली मां!"

लॅबमधून कोणीच गेलं नव्हतं.

कोमल वाचली. बाळ कित्येक दिवस काचेच्या पेटीत होतं, पण तेही वाचलं.

महिन्याभराने कोमलची सासू प्रभावती पेढे घेऊन आली. आत डोकावत म्हणाली, "ती दुसरी बाय खंय आसा? पांढऱ्या कोटातली? मी पाणी दिलंय, तर घेतल्यान नाय. नुसती रडत होती."

"मावशी, हंय मी एकटीच आसतंय."

प्रभावतीने पुढे वाकून तिचा चेहरा न्याहाळला...

"तोंड तुजाच, बाये. पण केस सगळे पांढरे."

सुविधा अजून तिथेच काम करते. एकतीस वर्षांची आहे.

परवा तिचा फोन आला. कपाळाशी पहिला पांढरा केस दिसला म्हणाली...